चौदा ठोके कुठे गेले

आमच्या चाळीत कोणाला ताप आला, चक्कर आली, की माणसं आधी डॉक्टरकडे जायची नाहीत. आधी माझ्या सासऱ्यांकडे यायची. सासरे दारातल्या खुर्चीवर बसायचे, समोरच्याचं मनगट एका हातात धरायचे, दुसऱ्या हातातलं घड्याळ डोळ्यांजवळ न्यायचे आणि पुरतं एक मिनिट कोणाला खोकूसुद्धा द्यायचे नाहीत. मग आकडा सांगायचे. "अठ्ठ्याऐंशी. ताप आहे." जसा काही तो ताप त्यांनी सांगितल्यावरच चढला. पण लोक समाधानाने घरी जायचे. आकडा मिळाला ना, झालं.

अंबरनाथच्या एका कारखान्यात त्यांनी उभा जन्म टाइमकीपरची नोकरी केली होती. कामगार किती वाजता आत आला, किती वाजता बाहेर पडला, हे बघायचं. दोन मिनिटं उशीर झाला की अर्ध्या दिवसाचा खाडा. निवृत्त झाल्यावर कारखाना सुटला, पण घड्याळ सुटलं नाही. मग आम्हीच त्यांचे कामगार झालो. मी थोरली सून. सासूबाई माझ्या लग्नाआधीच गेलेल्या. त्यामुळे घरात बाईमाणूस मी एकटी, आणि माझ्या पोळ्या किती मिनिटांत होतात तेही त्यांना माहीत असायचं.

हे सगळं मी हसत सांगायची, बरीच वर्षं. आता हसू येत नाही. का ते सांगते.

कल्याण पूर्वेला आमची बैठी चाळ, दहा खोल्यांची. ऐंशीच्या पुढची वर्षं होती ती. नळाला पाणी दिवसाआड, तेही करंगळीएवढं. खरा आधार चाळीच्या टोकाला, शेवग्याखाली असलेल्या हापशाचा. त्या हापशावर बायकांची इतकी भांडणं व्हायची की एकदा कोणीतरी कोणाच्या हंड्याला पोचा पाडला आणि प्रकरण नवऱ्यांपर्यंत गेलं. तेव्हा सासऱ्यांनी नियम काढला. एका पाळीला चाळीस दांडे. दांडा खाली नेला, वर आणला, की एक. चाळीस झाले की बाजूला व्हायचं, मग हंडा भरो न भरो. सकाळी सहाला ते खुर्ची घेऊन हापशाशी बसायचे आणि मोठ्याने मोजायचे.

खोटं कशाला बोलू, नियम चांगला होता. भांडणं थांबली. चाळीस दांड्यांत एक हंडा बरोबर भरायचा. सासरे म्हणायचे, "मोजलं की भांडण मिटतं." मीही माहेरी जाऊन हे कौतुकाने सांगितलेलं आहे.

मग धाकट्या दिरांचं लग्न झालं आणि माझी जाऊ घरात आली. माहेर खडवलीचं. वीस वर्षांची, अंगाने बारीक, बोलायला गोड. मला ताई म्हणायची. आल्या दिवसापासून माझ्या हातातलं काम काढून घ्यायला बघायची, आणि घेतलं की निम्म्यात धापा टाकत बसायची. भांडी घासताना बसायची. कपडे पिळताना बसायची. ओठ कसे निळसर दिसायचे. मी म्हणायची, "अगं, माहेरी काही खायला घालत होते की नाही?" ती हसायची.

हापशावर तिचा नंबर लागला की मला बघवायचं नाही. पहिले आठ-दहा दांडे नीट मारायची. नंतर दम लागला की दांडा धड वर जायचा नाही की खाली यायचा नाही. मधल्यामध्येच भरभर, खटखट, खटखट. चाळीस व्हायचे आणि हंडा अर्धाच. रांगेतल्या बायका बोलायच्या, "हिच्या माहेरी नदी. हंडा बुडवला की भरला. हापसायची सवय कुठली असणार?"

मी एकदा म्हटलं, "मामंजी, दहा दांडे जास्त मारू द्या तिला. हंडा अर्धाच आहे."

"तिला दहा दिले तर तिसऱ्या खोलीतली वीस मागेल."

"पण पाणी बघा ना किती आलंय."

"दांडे किती झाले?"

"चाळीस."

"मग? पाणी कमी आलं तो तिचा प्रश्न. पुढची या."

हा संवाद मला शब्द न शब्द आठवतो, कारण पुढे जे झालं ते सगळं यातच होतं. फक्त तेव्हा मला ते दिसलं नाही.

चैत्रात ती स्टेशनच्या जिन्यावरून पडता पडता वाचली. कोपऱ्यावरच्या डॉक्टरांनी छातीला नळी लावली आणि बराच वेळ काढलीच नाही. मग चिठ्ठी लिहून दिली, मुंबईच्या मोठ्या हॉस्पिटलात दाखवा. मी आणि भाऊजी, म्हणजे माझे दीर, तिला घेऊन गेलो. तपासण्या झाल्या. रिपोर्ट आले तेव्हा भाऊजी कसल्याशा खिडकीवर रांगेत उभे होते, म्हणून डॉक्टरीण जे बोलली ते मलाच ऐकायला मिळालं. तरुण होती, माझ्यापेक्षा लहानच असेल. पण समजावून सांगायची हौस होती तिला.

तिने आधी जावेला विचारलं, "लहानपणी ताप येऊन सांधे सुजले होते?"

"सातवीत होते तेव्हा. आईने निर्गुडीचा पाला बांधला होता. बरे झाले."

"सांधे बरे झाले. त्या तापाने हृदय धरलं." मग माझ्याकडे वळली. "ताई, हृदयाच्या डाव्या बाजूला वरची एक खोली, खालची एक खोली. मध्ये झडपेचा दरवाजा. तो हिचा आखडलाय. वरून खाली रक्त यायचं ते बारीक धारेने येतं. कळतंय?"

"कळतंय."

"नाडी किती पळते ते सगळे मोजतात. पण एका ठोक्याला रक्त किती बाहेर पडतं, ते कोणी विचारत नाही. तुमच्या-माझ्या हृदयातून एका ठोक्याला कटिंग चहाचा ग्लास पाऊण भरेल एवढं पडतं. हिची खालची खोली तेवढी भरतच नाही. अर्धी भरते न भरते तोवर हृदय दाबतं, मग पडणार किती? शरीराला कमी पडतं. शरीर म्हणतं, अजून आण. मग हृदय आणखी पळतं. आणि पळालं की खोली भरायला आणखी कमी वेळ. ठोके वाढतात, पण एकेका ठोक्यातलं रक्त कमी होत जातं. वर अडलेलं रक्त मागे फुप्फुसात तुंबतं. म्हणून ही धाप."

मी म्हटलं, "म्हणजे वैशाखातला हापसा."

"काय?"

मी तिला सांगितलं. वैशाखात जमिनीखाली पाणी कमी, ते हळूहळू झिरपतं. घाईघाईने दांडे मारले की हापसा नुसता थुंकतो. जरा थांबून, पाणी साठू देऊन, दांडा पुरता वर आणि पुरता खाली नेला की भरघोस धार पडते. आमच्या चाळीतली एक म्हातारी तसंच करते. रांग ओरडते तिच्यावर, पण हंडा तिचाच भरतो.

डॉक्टरीण हसली. म्हणाली, "आमच्या विद्यार्थ्यांना शिकवायला या तुम्ही." मग गोळ्यांची पट्टी पुढे केली. "ही गोळी हृदयाला सांगते, दम खा, भरू दे. ठोके कमी होतील. घाबरू नका, कमी व्हायलाच हवेत. ऑपरेशनची तारीख दोन महिन्यांनंतरची आहे. तोवर हिला या गोळीवरच सांभाळायचं. आणि काहीही झालं तरी ही एकदम बंद करायची नाही."

मी मान हलवली. तिने माझ्याकडून म्हणवून घेतलं, "काय करायचं नाही?" मी म्हटलं, "एकदम बंद करायची नाही."

शाळेत जसं म्हणवून घेतात तसं. म्हणून मला कधी असं सांगता येणार नाही की मला माहीत नव्हतं.

गोळी सुरू झाली आणि आठ-दहा दिवसांत पोरीचा चेहरा बदलला. तीन उशांवर टेकून झोपायची, ती एका उशीवर आली. हात-पाय गार असायचे, ते ऊबदार झाले. एके दिवशी दुपारी गाणं गुणगुणत शेंगा सोलत होती. मी बघत राहिले.

सासऱ्यांनी त्याच संध्याकाळी तिला बोलावलं. "धाकटे, ये, बघू." मनगट, घड्याळ, एक मिनिट. मग परत एक मिनिट. मग म्हणाले, "अठ्ठावन्न."

"डॉक्टरीणबाई म्हणाल्याच होत्या कमी होतील म्हणून," मी म्हटलं.

"बहात्तर पाहिजेत. चौदा ठोके कुठे गेले?"

"कुठे गेले नाहीत. आता एकेक ठोका भरून पडतो."

त्यांनी कॅलेंडरच्या पाठीवर पेन्सिलीने गुणाकार केला. मिनिटाला चौदा, तासाला आठशे चाळीस, दिवसाला वीस हजार एकशे साठ. "दिवसाला वीस हजार ठोके कमी पडतायत तिच्या हृदयाचे. आणि तुम्ही दोघी शेंगा सोलताय."

मी त्यांना सगळं सांगितलं. खोल्या, दरवाजा, कटिंगचा ग्लास, वैशाख, हापसा. चांगलं सांगितलं मी, डॉक्टरणीपेक्षा सोपं. त्यांनी ऐकून घेतलं आणि म्हणाले, "थोरले, तू चौथी शिकलीस. हृदय म्हणजे तुला हापसा वाटला काय? हृदय म्हणजे घड्याळ. घड्याळ मागे पडायला लागलं की काय समजायचं? बंद पडणार."

आता विचार केला की कळतं, त्यांचं कुठे चुकलं ते. घड्याळाची एक टिकटिक दुसरीसारखीच असते. त्यामुळे किती झाल्या एवढंच मोजलं तरी पुरतं. जन्मभर ज्याने घड्याळच बघितलं, त्याला आतली खोली भरली की रिकामी हा प्रश्न पडणार कुठून? पण कळलं म्हणून राग जात नाही. त्या माणसाने रोज सकाळी हापशावर बसून चाळीस दांड्यांत अर्धा हंडा भरलेला डोळ्यांनी बघितला होता. तिच्याच हातचा. समोर होतं सगळं.

गोळ्यांची पट्टी त्यांनी आपल्या पत्र्याच्या डबीत ठेवली, जिथे घड्याळाची जुनी काच आणि चावी असायची. भाऊजींना मी म्हटलं, "तुमची बायको आहे. बोला काहीतरी." ते म्हणाले, "बाबांना नाडीतलं कळतं, वहिनी. उगाच घरात वाद नको." आमचे हे तर वडिलांसमोर खुर्चीवरसुद्धा बसायचे नाहीत. आणि मी? मी त्या दिवशी एकदा बोलले, दुसऱ्या दिवशी एकदा बोलले. तिसऱ्या दिवशी गप्प बसले. पोळ्या लाटल्या.

मग कॅलेंडरवर रोज एक आकडा यायला लागला. चौसष्ट. अडुसष्ट. बहात्तर झाले त्या दिवशी सासऱ्यांनी शिरा करायला सांगितला. मी केला. त्यात वेलची घातली, वरून तूप सोडलं. त्या शिऱ्याची मला आजही शिसारी येते. इतक्या वर्षांत मी घरात शिरा केलेला नाही, सत्यनारायणाला केळ्यांचाच प्रसाद करते.

पण आकडा बहात्तरवर थांबला नाही. ऐंशी झाले. ब्याण्णव झाले. मी म्हटलं, "मामंजी, अठ्ठ्याऐंशीला तुम्ही ताप म्हणता ना?" त्यांनी तिच्या कपाळाला हात लावला. कपाळ थंडगार. "ताप कुठाय? अंग गार आहे. ताप नाही आणि नाडी जोरात, याला ताकद म्हणतात." पोरगी परत तीन उशांवर गेली होती. हाताची नखं निळी झाली होती. आणि नवव्या दिवशी सकाळी तिचं मनगट सोडून ते काय म्हणाले, तर, "शंभर. शंभर मार्क मिळाले धाकटीला." तिनेसुद्धा हसून दाखवलं, श्वास पुरत नसताना.

त्याच दिवशी दुपारी चारच्या सुमाराला ती भिंतीला टेकून तांदूळ निवडत होती. खोकला आला. थांबेना. आडवी करायला गेले तर माझा हात झिडकारून उठून बसली, आडवी झाली की बुडाल्यासारखी करायची. पदराला पुसलं ते फेसाळ, गुलाबी. मी हाक मारली तशी सासरे आले, सवयीने मनगट धरलं, घड्याळ डोळ्यांशी नेलं. बघत राहिले. बोट सरकवून परत धरलं.

"लागतच नाही," ते म्हणाले.

आयुष्यात पहिल्यांदा त्यांच्याकडे आकडा नव्हता. हृदय एवढं पळत होतं, आणि एकेका ठोक्यात इतकं थोडं पडत होतं, की मनगटापर्यंत काही पोचतच नव्हतं. मला ते त्यांच्या तोंडावरून कळलं. मी त्यांना बाजूला ढकललं. हो, ढकललं. सासऱ्यांच्या अंगाला हात लावलेली चाळीतली मी पहिली सून असेन. रिक्षात घातलं, जवळच्या दवाखान्यात इंजेक्शन दिलं, ऑक्सिजन लावला, आणि तिथून अँब्युलन्सने त्याच मोठ्या हॉस्पिटलात नेलं. वाचली.

पण खरा राग मी अजून सांगितलाच नाही.

तिसऱ्या दिवशी सकाळी मोठे डॉक्टर राउंडला आले. फाइल वाचली. खाटेपाशी मी, भाऊजी, आणि पायथ्याशी सासरे. डॉक्टर म्हणाले, "नऊ दिवस गोळी पोटात नाही. कोणी बंद केली?"

सासऱ्यांचा एक हात मनगटावरच्या घड्याळावर होता, ते झाकल्यासारखा.

नाकात नळी असलेली ती पोरगी म्हणाली, "मीच. विसरत होते."

"विसरत होतात? नऊ दिवस?"

"हो."

डॉक्टर संतापले. त्यांचंही चूक नव्हतं. म्हणाले, "झडप मोकळी करून दिली तरी तो लहानपणीचा ताप परत येऊ नये म्हणून पुढे वर्षानुवर्षं दर तीन आठवड्यांनी इंजेक्शन घ्यावं लागतं. तेही विसराल. पलीकडच्या खाटेवर एक मुलगी आहे, तिला ही तारीख देतो. तुम्ही आधी तीन महिने नियमित गोळ्या घेऊन दाखवा, मग बघू." आणि बाजूच्या शिकाऊ डॉक्टरला सांगितलं, "लिही. रुग्णाने स्वतःहून औषध बंद केलं."

तो लिहायला लागला. आणि सासऱ्यांनी श्वास सोडला. सुटकेचा. मी त्यांच्या शेजारीच उभी होते, मला तो ऐकू आला. तीन महिने ती कुठून काढणार होती? नऊ दिवसांत ही दशा झाली होती. आपल्या नावावर आलं नाही, एवढंच त्या श्वासात होतं. दुसरं काही नाही.

माझं काय झालं मला माहीत नाही. मी म्हटलं, "लिहू नका. खोटं बोलतेय ती."

"ताई, नको," जाऊ म्हणाली.

"तू गप्प. डॉक्टरसाहेब, गोळी यांनी बंद केली. माझ्या सासऱ्यांनी. ठोके कमी झाले म्हणून आपल्या डबीत ठेवली. तिने मागितली होती, दिली नाही. हिच्या नवऱ्याला माहीत होतं. मला तर तुमच्या डॉक्टरणीने पढवून पाठवलं होतं, एकदम बंद करायची नाही. मी बघत बसले. शिरा केला. आमच्या तिघांचं लिहा. तिचं नाव तेवढं काढा त्यातून."

सगळा वॉर्ड बघत होता. डॉक्टरांनी सासऱ्यांकडे पाहिलं. ते जमिनीकडे बघत होते. मग त्यांनी पेन घेतलं, त्या ओळीवर काट मारली, वर काहीतरी लिहिलं आणि मला विचारलं, "पुढची गोळी कोणाच्या हातात राहणार?"

"माझ्या."

"चुकली तर?"

"मला विचारा. तिला नाही."

तारीख राहिली.

बाहेर व्हरांड्यात सासऱ्यांनी मला गाठलं. आवाज दाबून म्हणाले, "चार माणसांत माझी अब्रू घालवलीस, थोरले."

मी म्हटलं, "घड्याळ आहे ना हातात? मोजा. मिनिटाला किती गेली."

त्यानंतर चार वर्षं ते माझ्याशी बोलले नाहीत. "तुझ्या आईला सांग, चहा गार आहे," असं मुलांकरवी. मला त्याचं काही वाटलं नाही, घरात जरा शांतताच झाली.

ऑपरेशनच्या आधीच्या आठवड्यातली गोष्ट. सकाळी मी हापशावर गेले. सासरे खुर्चीत होतेच, मोजणं काही सुटत नव्हतं. मी त्या म्हातारीसारखी लागले. दांडा पुरता वर, थांबायचं, पुरता खाली. मागून आरडाओरडा. सासरे कोणाकडेही न बघता म्हणाले, "चाळीस."

मी दांडा मारला.

"चाळीस झाले म्हणून सांगा कोणीतरी हिला."

"हंडा झाला नाही म्हणून सांगा कोणीतरी त्यांना," मी म्हटलं, आणि भरेपर्यंत हापसत राहिले. तिसऱ्या खोलीतली माझ्यामागे होती. मला वाटलं आता ही भांडणार. तिने आपला हंडा ठेवला, ती बाळंतपणातून उठलेली, हातात जोर नव्हताच तिच्या. तीही चाळिसाला थांबली नाही. त्या दिवसापासून पाळी हंड्यावर आली. एकीला एक हंडा, दांडे कितीही लागोत. सासरे आणखी दोन दिवस येऊन बसले, मग खुर्ची परत दारात गेली.

जावेचं ऑपरेशन झालं. तेव्हा सर्जन बोट आत घालून झडप मोकळी करायचे, असं त्या डॉक्टरणीने मला सांगितलं. बोट. एवढंसं काम, आणि त्याआधीच आम्ही त्या पोरीला मारायला निघालो होतो. शुद्धीवर आली तेव्हा मी तिचा हात धरला. गरम होता. मी नाडीवर बोट ठेवलं. मोजली नाही. नुसती बघितली. एकेक ठोका बोटाला वर ढकलत होता, आणि मधे थांबत होता.

पुढे नव्वदच्या दशकात आम्ही डोंबिवलीला फ्लॅटमध्ये आलो. वर टाकी, नळाला पाणी, हापसा गेला. जाऊ-दीर शेजारच्या इमारतीत. ती दर तीन आठवड्यांनी इंजेक्शन घेते की नाही ते मी बघायची, शब्द दिला होता. सासऱ्यांचा अबोला तोवर सुटला होता, म्हणजे एक दिवस थेट मलाच म्हणाले, चहा गार आहे.

तिथेच त्यांच्या छातीत दुखलं. हॉस्पिटलातून घरी सोडताना डॉक्टरांनी गोळ्या दिल्या. पट्टीवरचं नाव वाचलं आणि मी ती पट्टी ओट्यावर ठेवून दिली. तीच गोळी. त्यांनीही ओळखली. आठवड्याभरात स्वतःची नाडी मोजायला लागले. छप्पन्न. परत मोजली. छप्पन्न. त्या दिवशी गोळी घेतली नाही, तशीच हातात धरून बसले. मला काही विचारणार नव्हते ते. संध्याकाळी जाऊ आली, तशी तिला म्हणाले, "धाकटे, जरा बघ गं."

ती त्यांच्या पलंगाजवळ बसली. मनगट हातात घेतलं. मी स्वयंपाकघरात भाजी चिरत होते, दारातून दिसत होतं. तिने घड्याळ मागितलं नाही.

"किती?" ते म्हणाले.

"चांगले भरून येतायत, मामंजी."

"आकडा सांग."

"आकडा कशाला? हात ऊबदार आहे तुमचा." आणि तिने तांब्यातलं पाणी पुढे केलं. "घ्या गोळी. बंद करायची नसते ही."

ज्या माणसाने हिला मरणाच्या दारात नेऊन बसवलं, त्याच्याशी ती लेकराशी बोलावं तशी बोलत होती. मला तिचाही राग आला. त्यांनी पाणी हातात घेतलं. मग गोळीकडे बघत म्हणाले, "तुला ही किती दिवस दिली नव्हती मी?"

"आठवत नाही," ती म्हणाली.

परत खोटं. परत त्यांच्यासाठी. तिला पक्कं आठवत होतं.

"नऊ," मी स्वयंपाकघरातून म्हटलं. "नऊ दिवस."

पाण्याचा घोट घेतल्याचा आवाज आला. मी परत भाजी चिरायला लागले.